माजघरातला जोड

आष्ट्याच्या त्या माजघरातला विजेच्या तारांचा जोड मी केला होता. हे मी आजवर कुणालाही, अगदी घरातसुद्धा सांगितलेलं नाही.

साठच्या दशकात मी सांगलीच्या एका ठेकेदाराकडे वायरमन होतो. बनसोडे मेस्त्री आमचे प्रमुख, परवाना त्यांच्या नावावर. कनेक्टरचा स्क्रू आवळला की तार दोन बोटांत धरून ओढायची, मान कलती करून काही ऐकल्यासारखं करायचं, मगच पुढच्या तारेला हात घालायचा, अशी त्यांची सवय. खाकी सदऱ्याच्या खिशात चिनी मातीचे कनेक्टर गोट्यांसारखे वाजायचे. तारांना पीळ मारून वर पट्टी गुंडाळणाऱ्याचा त्यांना राग यायचा. "पीळ म्हंजे थाप रं. आज धरतंय, उद्या ढिलं पडतंय, मग तापतंय. कनेक्टर घाल. ह्या अंगानं एक तार, त्या अंगानं एक, वर दोन स्क्रू. आन् पंपाच्या मोटारीला ह्ये चालत न्हाई, ती हादरती. तितं नट-वायसरच पायजे."

आष्ट्यात एका बागायतदाराच्या घरी नवी वीज येत होती. बाहेरच्या सोप्यातलं काम झालं. बनसोड्यांचं घर बौद्ध झालेलं. मालक माझ्याकडे बघत गोड आवाजात म्हणाले, "मेस्त्री, आतलं तेवढं दिनकररावांना करू द्या."

मेस्त्री हसले. माझ्या हातात दोन कनेक्टर ठेवत हळूच म्हणाले, "जा गड्या. करंटाला कोण इचारत न्हाई, त्येला सोडत्यात आत."

माजघरातली जोडाची लाकडी पेटी उथळ निघाली. कनेक्टर घातला की झाकण बसेना. पटाशीनं लाकूड कोरायला हवं होतं, आणि सांगलीची शेवटची एस. टी. निघायची वेळ झाली होती. मी पीळ मारला, पट्टी गुंडाळली, झाकण लावलं.

उंबऱ्याबाहेरून आवाज आला, "कनेक्टर घातलास?"

"व्हय."

"वढून बघितलीस?"

"व्हय."

त्यांना माझी फक्त पाठ दिसत होती.

ऐन उन्हाळ्यात तो जोड पेटला. तारांखालची जळती लाकडी पट्टी भिंतीवरून ओढून काढताना घरातल्या सुनेचा उजवा हात भाजला. ठेकेदारासमोर मालकांनी मेस्त्रींकडे बोट दाखवलं.

मेस्त्री म्हणाले, "आवं दादा, माजघरात मी आलो कवा? उंबऱ्यापातूर तर आलो."

मालकांनी मान फिरवली. ठेकेदारानं मला विचारलं, "आतलं काम कुणाचं?"

"सगळं मेस्त्रींच्या हाताखालीच झालं," मी म्हणालो. एकही शब्द खोटा नव्हता. मेस्त्री माझ्याकडे बघत राहिले.

त्यांचा परवाना गेला. काही वर्षांनी ते मला साताऱ्यात दिसले, स्टँडजवळ सायकली दुरुस्त करताना. मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी हाक मारली, चहा मागवला. जोडाचं नाव काढलं नाही. निघताना एवढंच विचारलं, "त्या सुनंचा हात बरा झाला का रं?"

"व्हय," मी म्हणालो. मला ठाऊक नव्हतं. मी त्या घरी पुन्हा गेलोच नव्हतो.

मेस्त्री वारून आता बरीच वर्षं झाली. आजही घरात दिवा लावायला गेलो की पाठीमागच्या दारातून कुणीतरी विचारतं, वढून बघितलीस? मी वळून बघत नाही.

त्यांची मुलगी साताऱ्यात असते. ती सून आष्ट्यातच आहे. या दोघींसमोर उभं राहून, तो जोड माझा होता, एवढं सांगणं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.