झुंबरबाईच्या हातची भाकर

बुराई नदीच्या काठी, शिंदखेड्यापासून दोन कोसांवर, निमखेड्याची ख्रिस्ती वस्ती होती. बावीस घरं, कौलारू देऊळ, आणि देवळापुढे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर लोखंडाचा टोला पडला की उपासनेची वेळ झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र झुंबरबाई त्या टोल्याच्या कितीतरी आधी उठे. त्या दिवशी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि प्रभुभोजनाची भाकर तिच्या हातची असे.

भाकर म्हणायची, पण ती गव्हाची. परात वेगळी, तवा वेगळा; ही भांडी एरवी शिंक्यावर. दोन शेर पीठ, पाणी आणि मीठ, बस्स. खमीर नाही. ती जाडसर थापून मंद आचेवर भाजायची, स्वच्छ फडक्यात बांधायची आणि पाळकांच्या घरी पोचवायची. मनुका भिजवून, कुस्करून द्राक्षरस करायचं काम पाळकीणबाईंकडे होतं. परातीला चिकटलेलं पीठसुद्धा झुंबरबाई तोंडात टाकत नसे. ते ती धुऊन अंगणातल्या चिमण्यांना घाली.

आणि देवळात ताट फिरत फिरत तिच्यापाशी आलं, की ती ते दोन्ही हातांनी धरी आणि शेजारणीकडे सरकवी. प्याल्याचंही तसंच. तेरा वर्षं हेच चाललं होतं.

"झुंबर," म्हातारी भिकुबाई देवळाच्या पायरीवर तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन म्हणे, "तू भाकर करस आन तूच उपाशी ऱ्हास. हाई काय रीत शे?"

झुंबरबाई हसून रिकामा तांब्या परत घेई. प्रभुभोजन झालं की वस्तीतली सगळीच माणसं माठाकडे वळत. खानदेशातलं ऊन, तिला त्यात कधी नवल वाटलं नाही.

ती भाकर का घेत नाही, हे वस्तीला आपल्या परीने ठाऊक होतं. मंडळीचे एक वडील, म्हणजे पंच, तोताराम मिस्तरी यांच्यावर तिचा राग आहे. मनात राग असलेल्या माणसाने त्या ताटाला हात लावू नये, असं शास्त्रच सांगतं. बाई प्रामाणिक आहे, म्हणून लावत नाही. लोकांना हे पटत होतं, आणि त्यामुळे कोणी फार खोदून विचारत नसे.

रागाचं कारणही सगळ्यांना माहीत होतं. मानमोडीच्या तापाच्या साली वस्तीत सतरा माणसं गेली. झुंबरबाईचा नवरा मंगा तापाने फणफणला, तेव्हा तोताराम त्याला पाहायला आला. त्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या बायकोला माती दिली होती. हाताच्या फोडांवर चिंध्या बांधल्या होत्या, कारण खड्डे खणायला दुसरं कोणी उभं राहू शकत नव्हतं. मंगाच्या मनगटावर त्याला काळा दोरा दिसला. डोंगराकडच्या भगताचा, मंतरलेला.

"मंगा, हाऊ दोरा कोनी बांधा?"

मंगाने डोळे उघडले. मग म्हणाला, "मीच बांधा, मिस्तरी."

तिसऱ्या दिवशी तो गेला. पाळक त्या वेळी धुळ्याला स्वतःच अंथरुणावर होते. निर्णय तोतारामवर आला. मंडळीचा नियम होता की गंडादोरा बांधून, पश्चात्ताप न करता मेलेल्या माणसाला कबरस्थानात जागा नाही. दहा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली मूठभर घरं, चहूकडे मरण; आज एकाला सूट दिली तर उद्या सगळी वस्ती भगताच्या दारात उभी राहील, अशी तोतारामला भीती वाटली. मंगाला काटेरी कुंपणाच्या बाहेर, पूर्वेला चार हातांवर पुरलं. खड्डा तोतारामनेच खणला.

वस्तीला एवढंच माहीत होतं. दोरा मंगाने बांधलाच नव्हता, हे एकट्या झुंबरबाईला माहीत होतं.

तो तापात बरळत असताना, भर दुपारी, सात वर्षांच्या मुलाला, धनसिंगला, त्याच्या उशाशी बसवून ती नदीपल्याड जाऊन भगताकडून दोरा घेऊन आली होती. येताना प्रार्थनाही करत होती, दोरा मुठीत धरून. मंगाला शुद्ध आली तेव्हा गाठ मारलेली होती. तो रागावला नाही. "सोडी टाक," एवढंच म्हणाला. "सांजले सोडसू," ती म्हणाली. तेवढ्यात तोताराम आला. आणि जबाब देण्याआधी मंगाने एकदा तिच्याकडे पाहिलं.

तिने तोंड उघडलं नाही. पोर लहान, घर मिशनच्या जागेवर, माहेर बाप्तिस्म्यापासून तुटलेलं. मंडळीने बाहेर काढलं तर जायचं कुठे? पुढे पाळक बरे होऊन आले. भाकर करायचं काम तोतारामच्या बायकोचं होतं, ती आता नव्हती. पाळकांनी झुंबरबाईला विचारलं. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. ती हो म्हणाली. मिशनच्या मडमेने माप शिकवलं, दोन शेर पिठाला दोन चमचे मीठ, आणि झुंबरबाई भाकर करायला लागली. खाणं मात्र तिला जमलं नाही.

एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात मंडळीने ठरवलं की कबरस्थानाला दगडी भिंत बांधायची. काटेरी कुंपण दर वर्षी शेळ्या खात, उरलेलं वाळवी खाई. बांधकाम तोताराम मिस्तरीचं, दगड नदीतला, आणि घरटी एक माणूस राबायला.

धनसिंग आता वीस वर्षांचा होता. दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये इंजिनावर काम करी, नुकतंच त्याचं लग्न झालं होतं. सुट्टीवर आला तेव्हा तोतारामने आखणी केली होती. चारी कोपऱ्यांना खुंट्या, खुंट्यांना ताणलेली दोरी, दोरीखाली चुन्याची पांढरी रेघ. पूर्वेची रेघ सरळ, जुन्या कुंपणाच्या जागेवरून. बापाची कबर रेघेच्या पलीकडे.

तो घरी आला आणि फावडं कोपऱ्यात भिरकावलं.

"काय झालं व्हो?" त्याची बायको चमेली चुलीपासून उठली.

"माय," तो आईलाच म्हणाला, "जी भिंत मना बापले बाहेर ठेवी, तिना एक धोंडाबी मी उचलाव नही. काटा व्हतात तवलोंग ठीक व्हतं. काटा जळी जातंस. दगड जळस का?"

"धनसिंग, हळू बोल."

"कसाले हळू? मिस्तरीले सांगी उनू मी. सोमवारले चमेलीले लई जासू दोंडाईच्याले. तठे देऊळ नही, ते नही. माले आते देऊळबी नको." थोडं थांबून तो म्हणाला, "बापनी चुकी करी, मान्य शे. पन एक दोरानी एवढी सजा?"

झुंबरबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मुलगा बापाला गुन्हेगार मानून त्याच्यासाठी भांडत होता, आणि त्या भांडणात देवाकडेच पाठ करून निघाला होता. तेरा वर्षं तिने गप्प राहून जे राखलं, ते हेच होतं का?

दुसऱ्या दिवशी शनिवार. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी तयारीची सभा भरे. पाळक रुपचंद दर वेळी एकच प्रश्न विचारत, आणि दर वेळी पुरुषांच्या बाजूने एखाद्या बांधावरचं किंवा कोंबडीवरचं भांडण निघे, दोघे हात जोडत, सभा संपे. बायका ऐकायला बसत.

"कोणाच्या मनात कोणाविषयी काही आहे का?" पाळकांनी विचारलं.

झुंबरबाई उभी राहिली. भिकुबाईने तिचा पदर ओढला, "बस ना माय, मानसं बोली ऱ्हायनात!" पण ती बसली नाही.

"मना मनमा कोनाबद्दल काही नही," ती म्हणाली. "मिस्तरीभाऊबद्दलबी नही. तुमी बठ्ठा समजेत, मी त्यासवर रागे शे. तो दोरा धनसिंगना बापनी नही बांधा. मी बांधा. ते तापमा व्हतात, त्यासले सुद नव्हती. मनासाठे त्यासनी खोटं सांगं. आन मी तोंड उघाडं नही. ते बाहेर पडनात आन मी मझार बठी ऱ्हायनू."

एवढं बोलून ती उभीच राहिली. रडलीही नाही.

दाराशी उभा असलेला धनसिंग आत आला नाही, पण गेलाही नाही.

पुरुषांच्या बाजूने निंबा उठला. "म्हंजे तेरा वरीस ज्या हातनी आमनी भाकर करी..."

"तेरा वरीस तूच खादी, मी नही," झुंबरबाई म्हणाली.

भिकुबाई खुदकन हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला.

तोताराम मिस्तरी सगळ्यांत शेवटी बोलला. साठीचा माणूस, उभा राहायला भिंतीचा आधार घेतला. "माले एक सांगनं शे. मंगानी माले जबाब देवाना आगोदर झुंबरकडे दखं व्हतं. मी ते दखं. काय ते वळखं. पन इचारं नही." त्याचा आवाज खाली गेला. "त्या आठोडामा अकरा खड्डा खंदेल व्हतात. इचारी लेवानी ताकद नव्हती. नियम सोपा व्हता, नियम लावी दिधा."

पाळकांनी निर्णय दिला. म्हणाले, बाई तीन महिने मंडळीच्या शिस्तीखाली राहतील, प्रभुभोजन घेणार नाहीत, भाकर सुनेने करावी. नियम तो नियम. "आणि मंगाची कबर हलवायची का, ते..."

"हाडं कसाले हालाडता?" तोताराम म्हणाला. "भिंत आजून व्हयेल नही."

सोमवारी सकाळी तो दोरी, गुण्या आणि ओळंबा घेऊन पूर्वेच्या बाजूला गेला. सरळ रेघ त्याने पायाने पुसली. कबरीच्या अल्याड काटकोन, मग पाच हात बाहेर, मग काटकोन, कबरीला वळसा, आणि तसंच परत. दोन कोपरे बाहेर आले, दोन आत. मिस्तरी माणसाला असली भिंत आवडत नाही: कोपऱ्याला घडीव दगड लागतो, चुना जास्त जातो, दीड ब्रास दगडाचा खर्च वाढतो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की बांधणाऱ्याची नजर चुकली.

"धनसिंग," दोरी ताणून धरत तो म्हणाला, "खुंटी ठोक. आन मन्ही रेघ सरळ शे का वाकडी ते सांगू नको."

धनसिंग दोंडाईच्याला गेला नव्हता. सुट्टी आठ दिवस वाढवून घेतली होती. त्याने खुंटी ठोकली. आईने पहिली पाटी आणली, नदीतल्या गोट्यांची, मग चमेलीने. आईशी तो चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेताना म्हणाला, "एवढा भरू नको, मान मोडी जाई." बोलून झाल्यावर त्यालाच तो शब्द लागला, आणि तो तोंड फिरवून दगड लावू लागला.

पावसाळ्याआधी भिंत झाली. तीन महिने झुंबरबाई देवळात बसली आणि ताट पुढे सरकवत राहिली, पण आता कारण सगळ्या मंडळीला माहीत होतं. घरी ती चमेलीला शिकवी: परात ही, तवा हा, दोन शेर पीठ, आणि मीठ या मापाने.

चौथ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट आलं. तिने धरलं. भिकुबाई शेजारून डोळे किलकिले करून बघत होती. झुंबरबाईने तुकडा घेतला आणि तोंडात टाकला.

तिच्या कपाळाला आठी पडली. तिने कसाबसा गिळला. प्याल्याची वाट बघताना डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते सगळंच काही भक्तीचं नव्हतं.

उपासना सुटली, तशी ती पायरीवर येऊन तांब्या तोंडाला लावून उभी राहिली.

"आत्याबाई, काय झालं?" चमेली घाबरली. "मनी चुकी झाली का? तुमनी पळीनीच मीठ टाकं व्हतं, दोन भरी भरीसन."

झुंबरबाईला मडमेच्या हातातला तो चमचा आठवला. चहाचा होता, बोटभर. तिच्या घरात चमचा म्हणजे डाळ वाढायची पळी.

"भिकुबाई," ती हळूच म्हणाली, "तेरा वरीस हाई असंच खारं व्हतं?"

"मंग?" भिकुबाईने तांब्या तिच्या हातातून काढून घेतला. "आमले वाटे, प्रभुभोजन असंच ऱ्हास."

"मंग कोनी बोलनं का नही?"

"तूच खात नव्हती," म्हातारी पाणी ओतून घेत म्हणाली, "तुले कसं सांगता?"