दिल्लीच्या भिंतीपुढं नाना वाकले

डिसेंबरातला दुसरा शनिवार, भर दुपार. ठिकाण दिल्ली, राष्ट्रीय युद्ध स्मारक. हजर तिघं — मी, माझी थोरली बहीण सुमनताई आणि तिचे थोरले दीर, ज्यांना सगळे नाना म्हणतात. सहलीचा खर्च माणशी अकरा हजार चारशे. ताईचा मी भरला, नानांचा नानांनी. एवढं आधी स्पष्ट सांगतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल की या माणसानं मनानं रचलंय. मी वाळूजच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. बेरीज जुळत नसेल तर चूक माणसाची असते, असंच मी आजवर म्हणत आलो. अंगात येणं, झपाटणं वगैरे कुणी काढलं की मी उठून चहा टाकायला जायचो...

थोडं मागचं सांगावं लागेल. ताईचे यजमान, आमचे विलासदाजी, लष्करात होते. सीमेवर गेले त्याला नऊ वर्षं झाली. अजिंठ्याजवळच्या त्यांच्या गावात शवपेटी आली, तेव्हा नानांनी ताईला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. म्हणाले, "पांढऱ्या पायाची बाई. हिची सावली नको त्याच्यावर." तिला नवऱ्याचं तोंड बघू दिलं नाही. ती आतून दार बडवत होती ते मी ऐकलंय. दारापुढं नानांची चार माणसं उभी होती. पेटीवरचा तिरंगा लष्करातल्या साहेबांनी घडी करून ताईसाठी पुढं केला, तेव्हा "बाई बेशुद्ध हाय" असं सांगून नानांनी स्वतःच तो हातात घेतला.

तेव्हापासून तो तिरंगा नानांच्या बैठकीत, काचेच्या कपाटात. ताई माझ्याकडं शहरात राहायला आली. जमीन, भांडीकुंडी, कशाचंच नाव तिनं काढलं नाही. फक्त दर वर्षी जाऊन झेंडा मागायची. उत्तर ठरलेलं — "त्यो घराण्याचा हाय. तुला कशाला?"

ताईला एकदा दाजींचं नाव दगडावर बघायचं होतं, म्हणून मी तिकिटं काढली. नानांना कळलं. पंचायतीची निवडणूक तोंडावर, त्यांना फोटो हवे होते. तेही निघाले. लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट... सगळीकडं नाना मधोमध, आणि मोबाइल माझ्या हातात.

स्मारकात गोल भिंतींवर हारीनं नावं कोरलेली आहेत. दाजींचं नाव साधारण कमरेच्या उंचीला सापडलं. ताईनं त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. नानांनी टोपी नीट केली.

"सुमन, सरक जरा. फ्रेममधी यायलीस."

"माझा नवरा हाय त्यो, नाना."

"मग माझा काय पाव्हणा व्हता? सरक."

ताईनं हात काढला. दगडाकडं बघून हळूच म्हणाली, "बघताय ना?" आणि बाजूला झाली.

नाना वाकले, कपाळ नावाला टेकवलं. मी तीन फोटो घेतले.

"झालं नाना, उठा."

"उठवंना."

"म्हणजे?"

"मान उठंना, बाबा! मागून कोण धरलंय? सोड म्हण त्याला!"

मागं कुणीच नव्हतं. मला वाटलं, उसण भरली असेल. मी त्यांच्या मानेवर हात ठेवला आणि... इथं जे घडलं ते कमी न करता, न वाढवता लिहितो. माझ्या हातावर वरून दुसरा हात पडला. गरम, जड. चार बोटं आणि अंगठा वेगवेगळे कळत होते. दिसत काही नव्हतं. मी हात ओढून घेतला.

"ताई, ये गं, धर जरा!"

"मी कशाला येऊ? फ्रेममधी येईन."

त्यांना दगडापासून मागं घेता आलं, पण मान तशीच, हनुवटी छातीला टेकलेली. लोक जमले. कुणी पाणी दिलं. नाना रडकुंडीला आले. "सुमन, काय तरी कर गं... मला नुसते पाय दिसायलेत."

ताई शांतपणे त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. चपला काढल्या.

"मग नीट बघा. पांढरे हायेत का?"

मला नानांची दया आली का? नाही. खरं तेच लिहायचं ठरवलंय.

दिल्लीतच दवाखाना झाला. घरी आल्यावर आणखी दोन डॉक्टर झाले. एमआरआयच्या फिल्ममध्ये मणके चांगले, नसा चांगल्या. "घाबरल्यामुळं असेल," एक डॉक्टर म्हणाले. मी ते तिन्ही फोटो मोठे करकरून पाहिले. फोटोत काही नाही. नानांना बायकोचं तोंड दिसेना, नातवाचं दिसेना. निवडणुकीचा अर्ज राहिला तो राहिलाच.

संक्रांतीनंतर नाना सिडकोतल्या आमच्या घरी आले. सून हाताला धरून घेऊन आली. काखेत तिरंगा. ओणव्या मानेनंच त्यांनी तो ताईच्या हातात दिला.

"तुझा हाय. चुकलो म्हण त्याला."

"तुम्हीच म्हणा. तुमचा भाऊ हाय."

"त्यो माझं ऐकंना... तू सांग, सुमन. पाया पडतो."

ताईनं झेंडा छातीशी धरला. मी तोंड उघडलं, तर तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. मग भिंतीवरच्या दाजींच्या फोटोकडं बघून म्हणाली, "सोडा त्यांना."

मान हलली. माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर आली... आणि मध्येच थांबली. नानांची नजर ताईच्या हातातल्या झेंड्यापर्यंत पोचली, तोंडापर्यंत नाही.

"अन् बाकीची?" नाना कळवळून म्हणाले.

"माझं मी सोडलं. त्यांचं त्यांना विचारा."

आजही नानांची मान तेवढीच वर येते. समोरच्याच्या छातीपर्यंत बघून बोलतात. डॉक्टरांकडं कारण नाही, माझ्याकडं तर नाहीच. तिरंगा ताईला मिळाला, म्हणजे ताईचं देणं फिटलं. दाजींचं उरलेलं देणं काय आहे आणि ते कसं फेडायचं, हे विचारायला नाना परवा एकटेच पुन्हा दिल्लीला गेलेत.