तारमास्तरांनी बंद केलेली वाट

शेताला तारेचं कुंपण घालणाऱ्या त्या माणसाला सगळे तारमास्तर म्हणायचे. मास्तर ते कधीच नव्हते. चौथीनंतर शाळेकडे फिरकलेही नव्हते. पण खांबांची ओळ पट्टीने रेघ मारावी तशी सरळ आली पाहिजे, हा त्यांचा हट्ट भल्याभल्या मास्तरांच्या वरताण होता. माझ्या छोट्याशा तुकड्याला कुंपण त्यांनीच घातलं. आठ दिवस मी झाडाखाली खुर्ची टाकून बसायचो आणि ते पहारीने खड्डे घेता घेता बोलायचे. पुढची हकीकत त्यांनी सांगितलेली आहे. शेवट तेवढा मी स्वतः पाहिला.

मास्तरांच्या कामाची एक पद्धत होती. पहिला खड्डा घेण्याआधी दोन्ही बाजूंचे जमीनमालक हजर पाहिजेत. दोरीचं एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. खांब उभे राहिले की एका कागदावर दोघांच्या सह्या: ही ओळ आम्हाला मान्य आहे आणि हिच्यातून कोणाची वाट जात नाही. सही होईपर्यंत मास्तर तार ताणायचे नाहीत. लोक चेष्टा करायचे, "मास्तर, कुंपण घालताय की सोयरीक जमवताय?" मास्तरांचं उत्तर ठरलेलं असायचं, की सोयरीक फिसकटली तर दुसरी बघता येते, बांधावरून बिनसलं तर नातवंडांपर्यंत पुरतं. तीस वर्षांत त्यांच्या एकाही कुंपणावरून भांडण झालं नव्हतं.

मास्तरांच्या वडिलांच्या जमिनीचे दोन वाटे झाले होते. रस्त्याकडचा थोरल्या भावाला, मागचा घरासकट मास्तरांना. घराकडे जायची गाडीवाट थोरल्याच्या हद्दीतून जायची. ती कागदावर कुठेच नव्हती. वाट दोघांची, असं वडील म्हणाले होते आणि तेवढं पुरेसं होतं. थोरला शहरात एका गोदामात कारकून. लहानपणी मास्तरांच्या वाटचा मार त्याने अनेकदा खाल्ला होता, मास्तरांच्या शाळेची पुस्तकं त्याच्याच जुन्या पुस्तकांना पुठ्ठे लावून आली होती. दादा हा शब्द मास्तर उच्चारायचे तेव्हा आजही त्यांचा आवाज थोडा खाली यायचा.

एकदा हा दादा सुट्टी काढून आला. म्हणाला, कोणीही उठतो आणि माझ्या जमिनीत शिरतो. लाकूड तोडतात, गुरं सोडतात, बाटल्या टाकून जातात. कुंपण घाल. मास्तरांना आनंदच झाला. भावाच्या कामाला त्यांनी हाताखाली माणूससुद्धा घेतला नाही. चौसष्ट खड्डे एकट्याने घेतले. वाटेपाशी आले तेव्हा फाटकापुरती जागा सोडून पुढचा खांब आखला, तर दादाने थांबवलं. सगळे ह्याच वाटेने शिरतात आणि हटकलं तर मास्तरांकडे चाललोय म्हणून सांगतात, असं त्याचं म्हणणं. तीन महिने बंद ठेव, लोकांची सवय मोडू दे, मग लोखंडी फाटक बसवू, एक किल्ली तुला, एक मला.

मास्तरांची बायको ओट्यावरून ऐकत होती. "मग भाऊजी, आम्ही काय उडत यायचं?" तिने विचारलं.

दादा हसला. ओढ्याकडून फिरून गेलात तर तुमचा दुखरा गुडघाही मोकळा होईल, म्हणाला. तीही हसली, पण पुरतं नाही.

तार ताणायच्या आधी दादानेच कागदाची आठवण केली. तुझा नियम आहे ना, मग घरच्यांना सूट कशाला? मास्तरांना याचा अभिमान वाटला. एका बाजूचा मालक दादा, दुसऱ्या बाजूचे मास्तर स्वतः. दोघांनी सह्या केल्या. "दुसऱ्यांची सही घेताना मी मजकूर दोनदा मोठ्याने वाचून दाखवतो," मास्तर मला म्हणाले. "त्या दिवशी वाचून कोणाला दाखवायचं? तिथे मीच होतो."

तीन महिन्यांचं वर्ष झालं. कधी फाटक करणारा आजारी, कधी दादाला सुट्टी नाही. मग एके सकाळी कुंपणापाशी गाडी थांबली आणि एक अनोळखी गृहस्थ मोजणीदाराला घेऊन उतरले. दादाने जमीन विकली होती. त्यांच्या फायलीत मास्तरांच्या सहीचा कागद होता. गृहस्थ सभ्य होते. मास्तरांनी वाटेचा विषय काढला तेव्हा कागद पुढे करून ते एवढंच म्हणाले, "ही सही तुमचीच ना? वाट नाही हे बघूनच मी घेतली."

मास्तर दुपारच्या बसने शहरात गेले. दादा चिडला नाही. त्याने पंखा वाढवला, पाणी दिलं, मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही म्हणाला. मास्तर म्हणाले, "विकायचं होतं तर सांगायचंस. मी जमीन मागितली नसती, दादा. वाट मागितली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं," दादा म्हणाला.

वहिनी जेवून जा म्हणायला बाहेर आली तेव्हा मास्तर चपला शोधत होते. समोरच होत्या, पण दिसेनात, असं मला सांगताना त्यांनी पक्कड उचलली आणि ताणून झालेली तार पुन्हा ताणली.

तुमच्याच हातची तार, दोन ठिकाणी तोडा आणि मोकळे व्हा, असं लोक म्हणाले. वकील म्हणाला, जुन्या वहिवाटीवरून लढता येईल, पण वर्षं जातील आणि ही सही आडवी येणारच. मास्तरांनी तार तोडली नाही. स्वतःचं कुंपण तोडणाऱ्याला पुन्हा कोण बोलावणार? भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन ते ओढ्याकडून ये-जा करत राहिले. एक दिवस बायको दरडीवरून घसरली, पाय मोडला आणि तिला खाटेवर घालून चौघांनी बाहेर काढलं. त्या संध्याकाळी मास्तर नव्या मालकाकडे गेले. मालकाने परवानगी दिली, लेखी. मास्तर आणि त्यांची पत्नी यांनी मालकाच्या मर्जीने, मर्जी असेपर्यंत, इथून जावं. तिसऱ्या कोणी जाऊ नये. मास्तरांनी हा कागद दोनदा मोठ्याने वाचला आणि सही केली. फाटकाचे खड्डेही त्यांनीच घेतले.

माझं काम संपल्यावर त्यांची पहार माझ्याकडे राहिली होती. ती द्यायला गेलो तर फाटकाला कुलूप. हाक मारली. इतक्यात रस्त्यावर रिक्षा थांबली आणि पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ फळांची पिशवी घेऊन उतरले. चेहरा मास्तरांचाच, फक्त उन्हात न रापलेला. मास्तर वाटेने चालत आले, पहार माझ्याकडून फाटकावरून घेतली आणि मग त्यांच्याकडे पाहिलं.

"तिच्या पायाचं कळलं," दादा म्हणाला. "उघड."

"कागदात दोनच नावं आहेत. माझं आणि हिचं."

"अरे, पाच मिनिटं बसून जातो."

"मालकांना विचारून ये. चांगला माणूस आहे, नाही म्हणायचा नाही," मास्तर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. दादा माझ्याकडे पाहू लागला, जणू काही मी मध्ये बोलणार होतो. मग त्याने पिशवी फाटकाच्या कडीला अडकवली आणि थांबलेल्या रिक्षात जाऊन बसला.

रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत मास्तर तिथेच उभे होते. मग त्यांनी पिशवी काढून वरून माझ्या हातात दिली. "तुम्ही घेऊन जा. आणि दादा आला होता हे आमच्या घरात बोलू नका. हिला कळलं तर ही कुलूप उघडायला लावेल."