एक सेकंद आधी

धुळ्याच्या आमच्या ऑफिसातले भाऊ पारोळ्याहून रोज एसटीने येतात. दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवून ती मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचे आणि मशीन वाजायच्या एक सेकंद आधी दार उघडायचे. पडद्यावर एकाचा आकडा तसाच राहायचा. तो घालवायचं काम माझं.

एकदा मी वैतागलो. "भाऊ, वाजू द्या ना त्याला!"

"घरी माय आजारी. मी पोचतो तवा झोपेल असते, मशीन वाजलं तर जागी होते," ते म्हणाले. "हाताला सवय पडून गेली."

मायचं तेरावं आटोपून ते कामावर आले, त्या दुपारीही भाकरी ठेवली. हात दारापर्यंत गेला आणि थांबला. मशीन वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं.

"भाऊ, भाकरी झाली," मी म्हणालो.

"वाजू दे," ते म्हणाले.