मॅडमची बोली

मॅडमनी जन्मात कुणाची खोटी स्तुती केली नाही. जावयासाठीसुद्धा नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या कचेरीत कुणीतरी विचारलं, "मुलगा कसा आहे?" मॅडम म्हणाल्या, "बरा आहे. वर्षाला आवडलाय, म्हणून मी फार तपासला नाही."

मॅडम म्हणजे माझ्या सासूबाई. तहसील कचेरीतून त्या अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्या आणि तिथलं 'मॅडम' हे नाव घरी घेऊन आल्या. शेजारी, नातेवाईक, दूधवाला, सगळे त्यांना मॅडमच म्हणत. मी एकदा 'आई' म्हणून पाहिलं, तर त्यांनी मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारतोय म्हणून. तेव्हापासून मीही मॅडमच.

हिंजवडीतल्या कंपनीने मला नारळ दिला, तेव्हा मी उद्योजक व्हायचं ठरवलं. लोक ऑनलाइन वस्तू मागवतात आणि पसंत पडली नाही की परत पाठवतात. असा परत आलेला, शिवाय गोदामात उरलेला माल मोठे विक्रेते गठ्ठ्याने ऑनलाइन लिलावात काढतात. आपण गठ्ठा घ्यायचा, एकेक वस्तू तपासायची आणि आपल्या पेजवर पुन्हा लिलावाला लावायची. रविवारी दुपारी ज्याची बोली सर्वांत वर, त्याची वस्तू. मला हे फार सोपं वाटलं होतं. कर्वेनगरात एका इमारतीच्या तळघरात गाळा घेतला आणि गठ्ठा यायच्या आधी 'फाउंडर' असं लिहिलेली कार्डं छापून घेतली. मॅडमनी कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "काम कोण करणार?"

दुसऱ्या आठवड्यापासून त्याच येऊ लागल्या.

माल लिलावाला लावताना वस्तूबद्दल दोन ओळी लिहाव्या लागतात. मी लिहायचो, 'प्रीमियम खुर्ची, जवळजवळ नवीन, आपल्या यशस्वी वाटचालीसाठी.' मॅडम त्या खुर्चीत बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग माझं लिखाण पुसून त्यांनी लिहिलं : 'खुर्ची. डावीकडे कलते. भिंतीला लावून ठेवल्यास तक्रार करत नाही.' मी हात जोडले. म्हटलं, अहो मॅडम, असं लिहिलं तर घेणार कोण? त्या म्हणाल्या, "एकदा परत आलेली वस्तू आहे, सुहासराव. आपल्यामुळे दुसऱ्यांदा परत जायला नको. तिलाही काही वाटत असेल."

रविवारी त्या खुर्चीसाठी आठ जणांत चुरस लागली. त्याआधी माझ्या एकाही वस्तूवर दोन माणसांनी मिळून बोली लावली नव्हती.

पुण्यात वाईट बोलणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो हे मला तेव्हा कळलं. हळूहळू काही मंडळी फक्त मॅडमच्या ओळी वाचायला पेजवर यायला लागली. 'टोस्टर. एकच बाजू भाजतो. दुसरी आपण पाहावी.' 'टेबललॅम्प. उजेड बेताचा. पसारा असलेल्या घरास उत्तम.' मी मात्र ओळखीच्या लोकांना सांगत फिरायचो, की माझ्या फोटोंमुळे धंदा चाललाय.

बोली लावताना मला ताप चढतो. समोरच्याने किंमत वाढवली की तो माझ्या सात पिढ्यांचा अपमान करतोय असं वाटतं. अशाच भरात मी 'व्यायामाचं साहित्य, मिश्र' असा एक भलामोठा गठ्ठा जिंकला आणि वर्षाला पेढे दिले. खोकी उघडली, तर सगळे वजनकाटे. गाळ्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. जो ठेवावा तो काट्यावर पडायचा आणि वजन दाखवायचा. मॅडमनी एकेक काटा तपासला. सगळे अगदी बरोबर चालत होते. त्यांनी लिहिलं : 'वजनकाटा. काहीही दोष नाही. म्हणूनच परत आला असावा.' महिन्याभरात सगळे गेले. मॅडमनी त्याबद्दल मला एका शब्दानेही सुनावलं नाही. पेढे कुठले होते, एवढं मात्र विचारलं.

याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की 'कुंचला' या नावाने कुणीतरी सुरुवातीपासून बोली लावतंय. खुर्ची त्याने नेली, टोस्टर त्याने नेला, लॅम्पही. दर आठवड्याला एक तरी वस्तू. मी हिशेब मांडला : हा मोठा व्यापारी आहे, आपला माल पुढे विकतोय, याला भागीदारीत ओढला पाहिजे. मी त्याला माल न्यायला मुद्दाम गाळ्यावर बोलावलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून बसलो.

आले ते स्कूटरवरून, हातात कापडी पिशवी घेऊन. भालेराव सर, कोथरूडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. मी त्यांना अर्धा तास धंद्याच्या विस्ताराबद्दल सांगितलं. त्यांनी शाळेत इन्स्पेक्टरचं भाषण ऐकावं तसं ऐकून घेतलं आणि विचारलं, "या ओळी कोण लिहितं?"

"आमची टीम आहे," मी म्हणालो.

खोक्यांच्या मागून आवाज आला, "टीम म्हणजे मी."

त्यानंतर सर दर रविवारी यायला लागले. मॅडम त्यांना वस्तूचे दोष समजावून सांगायच्या, मग चहा व्हायचा, मग राहिलेले दोष. मी वर्षाला अभिमानाने सांगितलं, "गिऱ्हाईक टिकवणं ही कला आहे." वर्षाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तिला एका वाक्यात जे कळलं, ते मला तीन महिने समोर बसून कळलं नव्हतं.

पण कळल्यावर ती हसली नाही. तिचे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याच संध्याकाळी ती मॅडमना म्हणाली, "आई, या वयात? लोक काय म्हणतील?" मॅडम भाजी निवडत होत्या. "लोकांचं सोड," त्या म्हणाल्या. "तुला काय वाटतं ते सांग." वर्षा भाजीची ताटली स्वतःकडे ओढून निवडायला लागली. मॅडमना उत्तर मिळालं. पुढच्या रविवारी त्यांनी सरांना सांगितलं, "यापुढे माल कुरिअरने मागवा." सर बरं म्हणाले आणि गेले.

त्यानंतर खप घसरला. मी फोटो बदलले, कॅमेरा बदलला, पेजचा रंग बदलला. एका संध्याकाळी वर्षा कंपनीच्या बसमधून उतरून तडक गाळ्यावर आली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. पेजवर लिहिलं होतं : 'पंखा. फिरतो.' खाली : 'मिक्सर. चालतो.'

"मी रोज बसमध्ये आईचं वाचते," ती म्हणाली. "तिला काय झालंय, तुला दिसत नाही?"

मला दिसलं नव्हतं. मी नवीन कॅमेऱ्याचं माहितीपत्रक वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. मला वाटलं होतं, आमच्या वस्तू खोक्यांतच पडलेल्या असतील. पण खुर्ची भिंतीला लावलेली होती. लॅम्प जळत होता. सरांनी आम्हाला चहाबरोबर टोस्ट दिला, एकाच बाजूने भाजलेला. वर्षाने विचारलं, "सर, तुम्हाला या सगळ्याची खरंच गरज होती?"

"नव्हती," सर म्हणाले. "पण त्यांनी एवढं खरं लिहिलेलं असतं, घेऊन नुसतं ठेवून देणं बरं दिसलं नसतं."

वर्षाने तो टोस्ट पूर्ण खाल्ला. मग डोळे पुसून म्हणाली, "रविवारी या. कुरिअर बंद आहे आमचं."

पावसाळा संपल्यावर विहारात साधंसं लग्न लागलं. पांढऱ्या साडीत मॅडम अगदी कचेरीत निघाल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. भंतेजींच्या मागून दोघांनी त्रिशरण म्हटलं, तेव्हा सरांचा आवाज कापत होता, मॅडमचा नाही. जेवणं झाल्यावर आम्ही त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. वर्षा आईच्या हातात डबा देत म्हणाली, "पोचलीस की फोन कर. गुडघ्याचं औषध बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे. सरांना फार बोलू नकोस." मॅडम सगळ्याला मान हलवत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं तरी बोलणं मध्ये न तोडता ऐकलं.

वर्षा रडली नाही. रडलो मी, आणि तेही चांगलं हुंदके देऊन, रुमाल न सापडल्यामुळे शर्टाच्या बाहीला डोळे पुसत. रिक्षावाल्याला राहवेना. "साहेब, बहीण का?" त्याने हळूच विचारलं.

"सासू," मी म्हणालो.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. मग मीटर टाकला आणि जन्मात दिसणार नाही ते पाहिल्यासारखा अगदी सावकाश रिक्षा काढून गेला.