फ्रोझन सेक्शनमधल्या मावशी

मावशींना कुजबुजता येत नसे. लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या सुपरमार्केटमध्ये त्या टिलवरून, बिलाच्या काउंटरवरून, काही बोलल्या, की ते पार बेकरीपर्यंत ऐकू जाई. त्यामुळे स्टोअरमध्ये युनियन आणायचं त्यांनी ठरवलं, ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं, मॅनेजरसकट.

त्या मूळच्या नागपूरच्या, पण तीस वर्षं इथेच. मी पुण्याहून नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीत नवी. आमचा रोटा, म्हणजे कामाच्या वेळा, आदल्या दिवशी फोनवर मेसेज टाकून बदलत. मावशींचं भांडण तेवढ्याशीच होतं.

मॅनेजरने मग एकेकाला ऑफिसात बोलावलं. आपण सगळे एक फॅमिली आहोत, मध्ये बाहेरचे लोक कशाला, असं तो समजावी. मावशींनी त्याला विचारलं, "घरच्या माणसाला जेवायला कधी यायचं ते तुम्ही मेसेजवर कळवता का?" दार बंद होतं, तरी आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांना टिलवरून काढून फ्रोझन सेक्शनला टाकलं. म्हणजे गप्पा बंद. मावशी नवऱ्याचं जाड जॅकेट घालून मजेत वाटाण्याच्या पिशव्या लावू लागल्या आणि ब्रेकमध्ये एकेक जण आपणहून तिकडे जाऊ लागला.

मी मात्र जात नव्हते. व्हिसाची भीती वाटते, असं एकदा बोलून गेले. त्या हसल्या नाहीत.

"कायद्यानं दिलेला हक्क आहे तुझा. पण भीतीही खरी आहे. युनियनचा फॉर्म घरी ने, वाच. मला घाई नाही."

फॉर्म महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून राहिला. मग लेकीच्या शाळेतल्या ख्रिसमसच्या नाटकाच्या दिवशीच माझी शिफ्ट बदलली. ती स्टेजवरून मला शोधत होती, असं नवऱ्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन फ्रोझनमध्ये गेले. पेन गारठून उमटेना, तेव्हा मावशींनी ते तळहातांत चोळून गरम करून दिलं.

युनियन हवी की नको यावर मतदान झालं, आम्ही जिंकलो. रोटा चार आठवडे आधी लागू लागला. मावशींनी कँटीनमध्ये बटाटेवडे वाटले. मॅनेजरनेही दोन खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढत.

गेल्या वर्षी त्या रिटायर होऊन लेकाकडे लेस्टरला गेल्या. निघताना बसस्टॉपवर त्यांनी युनियनच्या नोटीस बोर्डाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मला तुमच्यासारखं जमणार नाही, मी म्हटलं.

"माझ्यासारखं कशाला? फक्त हरवू नकोस. दुसरी नाहीये."

घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवलीय ती मी.