वन्संची चिलखती गाडी

चादर मोठी होती, एकटीने घडी होण्यातली नव्हती. एक टोक माझ्या हातात, दुसरं वन्संच्या. पहिली दुमड नीट पडली. दुसरीला कोपऱ्याला कोपरा लावणार, तोच आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर टुण्ण आवाज झाला आणि वन्संनी त्यांचं टोक तिथंच सोडलं.

"मास्तर आले गं, वहिनी!" म्हणत पळाल्याच. चादर अर्धी फरशीवर, अर्धी माझ्या खांद्यावर.

ही माझी नणंद. यजमान गेल्यावर लेकीला घेऊन आमच्याकडे आल्या, पुढच्या खोलीत मशीन मांडलं, आणि तेव्हापासून पडदे शिवतात. हात इतका सरळ की टीप आखलेल्या रेघेवरून केसभर हलायची नाही. अर्धवट काम टाकून उठलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाहनाची मात्र कायमची धास्ती. रस्ता ओलांडताना अजूनही माझा दंड धरतात. त्या बाई गेल्या आठवड्यापासून कॉम्प्युटरवर चिलखती गाडी चालवत होत्या.

कारण लेक. पोरगी पायदळात भरती झाली. जायच्या आधी ती हा खेळ खेळायची, तो तिच्या कॉम्प्युटरवर तसाच राहिला. गावोगावची माणसं त्यात एकत्र येतात, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. कुणी सैनिक होऊन पायी चालतं, कुणी गाडी हाकतं. मागच्या फोनवर पोरगी म्हणाली, "आई, गाडी चालवायला शिकायचं की चालणाऱ्या तुकडीतच राहायचं, ते लिहून द्यायचंय. माझं मन एका जागी ठरत नाही. तू म्हणशील ते लिहीन. रविवारी फोन करते."

मी लगेच म्हटलं, "यात विचार कसला करायचा, वन्सं? आत बस म्हणा. चहूबाजूंनी लोखंड आहे."

"ते मलाही कळतं गं. पण खिडकी बघितल्याशिवाय मी पडद्याचं मापसुद्धा घेत नाही. हिला नुसतं अंदाजाने कसं सांगू?"

म्हणून हा खटाटोप. तुकडीचे म्होरके मास्तर, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही पाहिलेलं नाही, आवाज तेवढा ओळखीचा. वन्संना सगळे आत्या म्हणायचे. वन्सं हेडफोनचा आवाज एवढा मोठा ठेवायच्या की शेजारच्यालाही सगळं ऐकू यायचं. खेळाची वेळ दिवेलागणीची, म्हणजे नेमकी माझ्या जपाची. इकडे देवापुढे नाम घ्यावं तर तिकडून धडाधडा गोळ्या. शेवटी माळ घेऊन मी त्यांच्याच शेजारी बसू लागले. देवाला काय, कुठूनही ऐकू येतं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी समजावलं. गाडीच्या पोटात आठ सैनिक. गावाच्या अलीकडे, भिंतीच्या आडोशाला गाडी थांबवायची, मागचं दार पाडायचं, सैनिक उतरवायचे. ते घराघरांतून पुढे जाणार आणि गाडी त्यांच्या मागून, माणसाच्या चालीने. गाडीला दूरचं दिसतं, जवळचं नाही. गल्लीत ती आंधळी. पायी चालणारे तिचे डोळे, आणि ती त्यांची तोफ.

वन्संनी मान डोलावली आणि गाडी भिंतीपाशी न थांबवता सरळ गावात घातली.

"आत्या, थांबा! उतरवा त्यांना!"

"अहो, एवढं लांब कशाला चालवता पोरांना? दारात सोडते ना!"

दारातच सोडलं. वरच्या खिडकीतून एक रॉकेट आलं आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. आठच्या आठ गेले, वन्संसकट.

"आत्या," मास्तर सावकाश म्हणाले, "शाळेची रिक्षा आहे का ही?"

बाकीचे खो खो हसले. मलाही हसू आलं. वन्सं हसल्या नाहीत. "वहिनी, मी त्यांना उन्हातून चालवायचं टाळलं आणि सगळ्यांना मारलं," म्हणाल्या आणि जेवायच्या वेळी पान तसंच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, आज पायी. तिथं दंड धरायची सवय नडली. गाडीला इतक्या चिकटून चालल्या, जसं काही तिचा पदर धरलाय. मास्तर ओरडत होते, "गाडीपासून लांब व्हा, सगळे गाडीवरच मारतात!" ह्या ऐकतील तर ना. गाडी एकदम मागे आली आणि वन्सं तिच्याखाली.

"आपल्याच गाडीखाली?" मी विचारलं.

"गाडीवाल्याला मी दिसलेच नाही गं. मास्तर कालच बोलले होते, जवळचं दिसत नाही म्हणून."

मग त्यांना घरात जागा पुरेना. मशीनवर बसायच्या, चार टाके घालायच्या, उठायच्या. गॅलरीत जायच्या, परत यायच्या. दवाखान्याचे पडदे शिवले ते टांगायचे आकडे खालच्या बाजूला लावून. तिथला कंपाउंडर हसत परत घेऊन आला, "ताई, पेशंटनं उलटं टांगून घ्यायचं का?" एरवी त्यांनी त्याला चांगलं सुनावलं असतं. या वेळी निमूटपणे उसवायला बसल्या. उसवता उसवता मला विचारलं, "आत मेलं तर सगळे मिळून, बाहेर मेलं तर एकटं. असंच ना?"

"शुभ बोला हो," मी म्हटलं. मण्यावरचं माझं बोट तिथंच अडकलं.

शनिवारी त्या पुन्हा गाडीत बसल्या. या वेळी सगळं शिकवल्यासारखं केलं. भिंतीआड थांबल्या, दार पाडलं, आठ जणांना उतरवलं. नंतर नुसतं थांबणं. समोर बघायला गाडीची एक फट, फटीत मातीची भिंत. बाकी सगळं कानांनी. "आत्या, दहा हात पुढे." "आत्या, बस." "आत्या, डावीकडच्या गच्चीवर मारा." त्या घामाघूम, आणि मी जप विसरून त्या फटीत बघतेय.

एकाएकी पलीकडून शत्रूचा रणगाडा निघाला. मास्तरांनी सगळ्यांना माघारी बोलावलं. सहा जण धावत आत आले. दोघे विहिरीपाशी अडकले होते, त्यांचे आवाज येत होते.

"दार लावा आत्या, निघा."

"दोघं यायचीत अजून."

"ते पोचत नाहीत. थांबलात तर सहाही जातील. दार लावा."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बटण दाबलं. दार वर उचललं गेलं. हेडफोनमधून कुणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणालं, "बरं केलंत, आत्या. जा."

सहा वाचले. मास्तरांनी पहिल्यांदा शाबासकी दिली. वन्सं हेडफोन काढून गॅलरीत गेल्या, मी मागोमाग.

"खेळ आहे हो तो," मी म्हटलं.

"तिचा नाही ना खेळ. मी तिला आत बस म्हणायचं, म्हणजे दार तिने लावायचं. बाहेर राहिलेल्याची आईसुद्धा कुठंतरी फोनची वाट बघत असेल."

"पण तुमची तर जिवंत येईल!"

"येईल गं. कशी येईल?"

मी देवापुढे जाऊन बसले. रोज एकीसाठी मागत होते. त्या दिवशी मागायला गेले तर ते विहिरीपाशी राहिलेले दोघे मध्ये येऊ लागले. त्यांच्यासाठीही मागितलं. नाव-गाव माहीत नाही, खरे तर नव्हतेच ते, पण मागितलं.

रविवारी सकाळपासून वन्सं फोन हातात घेऊन फिरत होत्या. वाजला तेव्हा मात्र त्यांच्या हातून निसटला, मीच उचलून स्पीकर लावून दिला.

"काय ठरलं, आई?"

"आधी खरं सांग. तुझ्या मनात काय आहे?"

"अर्धं आत, अर्धं बाहेर. म्हणून तर तुला विचारलं."

वन्संनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाल्या, "आत बस. आणि ऐक. दार लावायची वेळ येईल. सगळे आले नसतील आणि तुला सांगतील लाव. तेव्हा लाव. घरी येऊन माझ्यासमोर मान खाली घालायची नाही. मी सांगितलं होतं म्हणून लावलं, असं समज."

मग पोरगी म्हणाली, "आई, हे तुला कुणी सांगितलं?"

"मी लावलंय."

"तू? रस्ता ओलांडताना मामीचा दंड धरणारी?" ती हसली, पण हसू मध्येच थांबलं. "लिहून देते मग. चालकाचं."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता तरी बाई स्वस्थ बसतील. छे. पाणी प्यायला गेल्या, पेला भरून ओट्यावरच विसरल्या. मला विचारलं, "बरोबर सांगितलं ना मी?" मी हो म्हटलं. घटकाभराने पुन्हा तेच. मी पुन्हा हो म्हटलं. मला तरी काय माहीत! दिवेलागणीला कॉम्प्युटर टुण्ण वाजला. त्या दाराशी गेल्या, उभ्या राहिल्या, परत फिरल्या, आणि पुन्हा जाऊन बसल्या.

पोरीने फोन ठेवता ठेवता सांगितलं होतं, चालकाचा टोप कानाला काचतो म्हणतात, आतून बांधायला मऊ पट्ट्या शिवून पाठव. उद्या दुकान उघडलं की वन्सं सुती कापड आणायला जाणार आहेत.